चपला बाहेर काढून या

सायकल काढा. भिलाई, 1992, मे महिन्याची दुपार. पोलाद कारखान्याची सकाळची पाळी दोनला सुटली आहे. सायकलींचा लोंढा अंगावर येतोय, घंट्यांचा कल्लोळ, घामाचा नि ग्रीसचा वास, गाल भाजणारी लू. त्यातून वाट काढत तुम्ही सुपेल्याच्या कॉम्प्युटर क्लासला पोचता.

चपला दारातच काढायच्या, धूळ आत नको. आत पाऊल टाकताच एसीचा गारवा ओल्या पाठीला झोंबतो. एका यंत्रामागे तिघे. दोघांचे श्वास तुमच्या मानेवर.

स्विच दाबा. पंखा घरघरतो, काळ्या पडद्यावर हिरवे आकडे 640 केबीपर्यंत चढतात. ही रॅमची मोजदाद. ती करणारा बायॉस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा बसलेला असतो. पुढची ऑपरेटिंग सिस्टिम, डॉस, मात्र फ्लॉपीवर आहे, कारण या यंत्राला हार्ड डिस्कच नाही.

सव्वापाच इंची फ्लॉपी पाकिटातून अलगद काढा. खाचेतून दिसणाऱ्या तपकिरी चकतीला बोट लावू नका! ए ड्राइव्हमध्ये सरकवा, खिट्टी फिरवा. लाल दिवा लागतो. कर्र, टक्, कर्र. ड्राइव्हवर हात ठेवा, थरथर जाणवेल: डॉस चकतीवरून रॅममध्ये चढतंय. यालाच बूट होणं म्हणतात.

आता ती काढून वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी घाला. डीआयआर टाइप करून एंटर दाबा. फाइलींची नावं सरसर येतात! डॉसची फ्लॉपी तुमच्या हातात आहे, तरी डॉस उत्तर देतंय, कारण ते आता रॅममध्ये आहे. माझ्या मते, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय हे इथे जितकं लख्ख कळतं तितकं कुठल्याच व्याख्येतून कळत नाही. कळ दाबली, अक्षर उमटलं, फाइल सापडली, ही सगळी देवघेव तीच सांभाळते. तिच्या सूचना पाळणारा मात्र प्रोसेसरच.

वर्डस्टारमध्ये आजीला पत्र लिहायला घ्या. रोमन लिपीत, पण मराठीच! दोन ओळी झाल्या की मागून आवाज येतो, “अरे, सेव्ह तो कर ले!” कंट्रोल धरून के, मग एस. कर्र, टक्. तिसरी ओळ लिहिता लिहिता वीज जाते. एसी थांबतो, खोलीभर “अरे यार!” आणि उकाडा.

वीज आली की पुन्हा डॉस, पुन्हा वर्डस्टार. पत्र उघडा: पहिल्या दोन ओळी शाबूत, तिसरी गायब. ती फक्त रॅममध्ये होती, आणि रॅमला विजेविना काही धरून ठेवता येत नाही. फ्लॉपीवर 360 केबीच मावतात, तुमच्या फोनमधला एक फोटोही नाही. पण तिच्यावर उतरलेलं टिकतं. तिसरी ओळ पुन्हा लिहा. के, एस. आणि फ्लॉपी काढायची घाई नको, आधी लाल दिवा विझू द्या.