डॉ. कोटणीस आणि ड्यूटीचे तास

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची गोष्ट आपण मुलांना त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. मी उर्दू आणि मराठी शिकवते. ‘ख़िदमत’ हा शब्द समजावताना मीही त्यांचेच नाव घेते. पण या गोष्टीचा एक भाग आपण घाईने ओलांडतो. तो म्हणजे त्यांच्या मृत्यूचे कारण.

कोटणीस सोलापूरचे. जन्म 1910 चा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने 1938 मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे चौघे परतले. कोटणीस मात्र तिथेच राहिले, चिनी भाषा शिकले, डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. 1940 च्या लढाईत त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्याबद्दल लिहिले गेले आहे. 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले, वय अवघे 32. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

त्यांना गोळी लागली नव्हती. त्यांना अपस्माराचे झटके येत होते, आणि आजारपणातही काम सुरूच होते. ज्यांच्यावर इतरांच्या प्रकृतीचा भार होता, त्यांच्या प्रकृतीला मात्र उसंत मिळाली नाही.

ख़्वाजा अहमद अब्बास यांनी 1944 मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि 1946 मध्ये व्ही. शांतारामांनी त्यावरून ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. नायक अमर झाला, ते योग्यच झाले. पण न थकणारा तोच खरा डॉक्टर, ही समजूतही सोबत घट्ट झाली. युद्धात दुसरा इलाज नव्हता. शांततेच्या काळातल्या सरकारी रुग्णालयाला मात्र ही सबब चालणार नाही.

आता कागद पाहा. केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्यूटी साधारणपणे 12 तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्याला 48 तास असावेत, असे म्हटले होते. 2023 च्या पदव्युत्तर नियमांत फक्त ‘वाजवी तास’ एवढेच आले. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला कमाल 74 तास, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप सुचवली. बत्तीस वर्षांत आकडा 48 वरून 74 वर गेला, आणि तरीही ती सुधारणाच वाटते! प्रत्यक्षात वॉर्डात काय चालत असेल, ते यावरूनच ओळखावे.

थकवा हा फक्त डॉक्टरचा प्रश्न नाही. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली लिबी झायन ही 18 वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली. तिच्या वडिलांनी शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक पाळ्यांवर बोट ठेवले, आणि 1989 पासून त्या राज्यात आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. झोप न झालेला हात रुग्णावरच चालतो, हे तिथे एका मृत्यूनंतर मान्य झाले.

आमच्या हिंजवडीत कंपन्यांतल्या मुलांच्या रात्रपाळ्या आणि थकवा हा आता घराघरातला विषय आहे. त्याच घरांतले धाकटे नीटची तयारी करत असतात. त्यांना आपण सांगतो, “सब्र करो.” पण सब्र म्हणजे मुकाट्याने कोसळणे नव्हे. सब्र म्हणजे टिकून राहणे, आणि टिकायला झोप लागते, जेवण लागते, ‘मला जमत नाहीये’ हे ऐकून घेणारा वरिष्ठ लागतो. रुग्णालयात एक दिवस योगाचे शिबिर घेऊन आणि उरलेले दिवस तीच पाळी लावून मनोबल वाढत नाही. पदे भरली, पाळ्या बदलल्या, तर वाढते.

कोटणीसांचे नाव घेणे मी सोडणार नाही. फक्त त्यांच्या 72 तासांबरोबर त्यांचे 32 वर्षांचे आयुष्यही फळ्यावर लिहीन. दोन्ही आकडे एकाच माणसाचे आहेत.