कागदावरचा समुद्र आणि काचेवरचा समुद्र



जमिनीवर वाट चुकलेल्या माणसाला विचारायला कोणी ना कोणी भेटतो. समुद्रावर तशी सोय नाही. पाण्यावर चाकोरी उमटत नाही, मैलाचा दगड रोवता येत नाही, आणि खरा धोका तर पाण्याच्या खाली, डोळ्यांआड असतो. म्हणून जहाजाचा रस्ता हा समुद्रात नसून नकाशात असतो, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. हा नकाशा कित्येक पिढ्या कागदाचा होता. गेल्या तीस वर्षांत तो काचेच्या पडद्यावर आला आणि जुलै २०१८ पर्यंत आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांवर असा पडदा असणे कायद्याने सक्तीचे झाले.

या स्थित्यंतराचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. केवळ एक यंत्र जाऊन दुसरे आले एवढीच ही गोष्ट असती, तर ती तज्ज्ञांवर सोपवून आपण स्वस्थ बसलो असतो. परंतु तिच्या पोटात आपणा सर्वांचाच एक प्रश्न दडलेला आहे. जे काम माणूस डोळ्यांनी व हातांनी करीत होता ते यंत्राकडे गेले, म्हणजे कायदा आपल्याला कशाची हमी देऊ शकतो, आणि कशाची देऊ शकत नाही?

प्रथम कागदाला अधिकार कसा आला ते पाहू. अठराव्या शतकात जहाजे दूरदूर जात, पण त्यांचे नकाशे खासगी छापखान्यांतून निघत, आणि एकाची चूक दुसरा निमूटपणे उतरून घेई. ईस्ट इंडिया कंपनीची लाखोंची मालमत्ता अशा नकाशांच्या भरवशावर समुद्रात सोडली जात होती. म्हणून कंपनीने १७७९ मध्ये अलेक्झांडर डॅलरिंपल याला आपला जलसर्वेक्षक नेमले. पुढे १७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाने स्वतःचे जलसर्वेक्षण कार्यालय काढले, तेव्हा त्याचा पहिला प्रमुखही हाच झाला. याच काळात, १७८७ नंतर, बॉम्बे मरीनचा अधिकारी जॉन मॅक्लुअर आपला पश्चिम किनारा मोजीत होता. शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडायची, तळ लागला की किती वाव पाणी आहे ते लिहून घ्यायचे, दोन पावले पुढे जायचे आणि पुन्हा दोरी सोडायची, असे ते चिकाटीचे काम होते. नकाशावरील प्रत्येक आकड्यामागे एक भिजलेली दोरी आणि ती धरणारा एक हात होता, हे आपण विसरू नये.

१८३४ पासून ब्रिटिश कार्यालय दर्यावर्दींसाठी सूचनापत्रके काढू लागले. कोठे नवा खडक सापडला, कोठे दीपगृहाचा प्रकाश बदलला, ते त्यांत छापून येई आणि जहाजावरचा अधिकारी ते शाईने आपल्या नकाशात नोंदवी. आपल्याकडे १८७४ मध्ये कलकत्त्यास सागरी सर्वेक्षण खाते निघाले. स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, हे काम डेहराडूनला गेले; तेथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय आज भारताचे अधिकृत सागरी नकाशे प्रसिद्ध करते. समुद्राचे नकाशे डोंगराच्या पायथ्याशी तयार व्हावेत हा योगायोग मोठा गमतीचा आहे. पण मुद्दा असा की, नकाशाचा अधिकार त्याच्या सुबक रेघांतून येत नाही. त्यामागे एक जबाबदार सरकार उभे असते, आणि तो दर आठवड्याला दुरुस्त होत राहतो, म्हणून त्याला अधिकार येतो.

आता या कागदाचा जहाजावरील उपयोग पाहा. दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजाचा अधिकारी १८६७ सालचे खांदेरीचे दीपगृह आणि १८७५ सालचे कुलाब्याजवळचे प्रॉंग्सचे दीपगृह होकायंत्रातून न्याहाळी, त्यांच्या दिशा घेई आणि नकाशावर पेन्सिलीने दोन रेघा ओढी. रेघा एकमेकींस छेदतील तेथे आपले जहाज. काही मिनिटांनी पुन्हा तेच. हे काम कंटाळवाणे होते आणि त्यात हात चुकण्याचा संभवही होता. परंतु त्यात एक मोठा गुण होता. बाहेर पाहिल्यावाचून नकाशावर खूण करताच येत नसे. कागदाचा हा संथपणाच एक प्रकारचा पहारा होता, आणि तो पहारा कोणत्याही नियमात लिहावा लागला नव्हता.

नियमांचा इतिहास बहुधा दुर्घटनांनी लिहिला जातो. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले आणि १९१४ मध्ये सागरी जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. ‘सोलास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कराराची १९७४ ची आवृत्ती, वेळोवेळी सुधारली जाऊन, आजही चालू आहे. त्याच्या पाचव्या प्रकरणात नौकानयनाचे नियम आहेत आणि जहाजावर पुरेसे व अद्ययावत नकाशे असलेच पाहिजेत अशी त्यात अट आहे. साहजिकच इलेक्ट्रॉनिक नकाशा पुढे आला तेव्हा पहिला प्रश्न कायद्याचाच उभा राहिला: पडद्यावरच्या चित्राला ‘नकाशा’ म्हणावे काय?

उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारी अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या नव्या नकाशायंत्राची मानके ठरवून दिली. या यंत्राला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एक्डिस’ म्हणतात. कागदी नकाशाचे छायाचित्र पडद्यावर दाखवणे हे त्याचे खरे काम नव्हे. त्यात प्रत्येक खडक, प्रत्येक बोया, प्रत्येक खोलीची रेषा स्वतंत्र माहिती म्हणून साठवलेली असते. जहाजाचे चिन्ह नकाशावर आपोआप सरकत राहते. अधिकाऱ्याने आपल्या जहाजाला किती खोल पाणी लागते ते यंत्राला सांगावयाचे. मग तेवढ्या खोलीची एक सुरक्षा-रेषा यंत्र ठळक करते आणि जहाज ती ओलांडू लागले की धोक्याची सूचना देते. यात एक बारकावा आहे. नकाशात ५, १०, २० आणि ३० मीटरच्या रेषा असतील आणि अधिकाऱ्याने ११ मीटर मागितले, तर यंत्र त्याहून खोल अशी पुढची रेषा, म्हणजे २० मीटरची, धरते. काहीच सांगितले नाही तर ३० मीटरची धरते. म्हणजे यंत्राची सावधगिरी शेवटी माणसाने दिलेल्या आकड्यावर आणि त्याच्या समजुतीवर अवलंबून राहते.

मानके संमत होण्याच्या पाचच महिने आधी समुद्राने एक धडा देऊन ठेवला होता. ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघाले होते. त्यावर एक्डिस नव्हते, पण उपग्रहावरून स्थान घेऊन स्वतः मार्ग धरणारी नवी यंत्रणा होती. बंदर सोडल्यानंतर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. यंत्र बंद पडले असते तर बरे झाले असते. ते बंद पडले नाही. वेग आणि दिशा यांवरून अंदाजाने स्थान काढून ते दाखवीतच राहिले. हा अंदाज आहे असे सांगणारी दोन बारीक अक्षरे पडद्याच्या कोपऱ्यात उमटली होती, पण ती कोणाच्या ध्यानात आली नाहीत. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला लोटीत होते. वाटेत एक बोया अपेक्षित होता. अपेक्षित जागी रडारवर एक ठिपका दिसला आणि तोच तो बोया असे अधिकाऱ्याने धरले. वस्तुतः तो एका बुडालेल्या जहाजाची जागा दाखविणारा वेगळाच बोया होता. पुढचा बोया दिसलाच नाही, तरी तो दिसल्याचे कप्तानास सांगण्यात आले. टेहळणीवरच्या खलाशांनी तांबडे दिवे दिसतात, फेसाळ पाणी दिसते असे कळवले. पण पडद्यावर सारे ठीक होते. १० जून १९९५ च्या रात्री, निघाल्यापासून सुमारे ३४ तासांनी, हे जहाज नँटुकेट बेटाजवळच्या वाळूत रुतले. त्यावर पंधराशेहून अधिक माणसे होती. मार्ग १७ मैलांनी चुकला होता. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

खलाशाचा डोळा खरे सांगत होता आणि पडदा खोटे सांगत होता. विश्वास मात्र पडद्यावर बसला. या एका वाक्यात पुढच्या तीस वर्षांची चिंता सामावलेली आहे.

तथापि यंत्राचे गुण खरोखरच मोठे होते, आणि ते नाकारणे म्हणजे उगाच जुन्याचा सोस धरणे होय. सोलासच्या पाचव्या प्रकरणाची सुधारलेली आवृत्ती जुलै २००२ मध्ये अमलात आली आणि तिने एक्डिसला कागदी नकाशाच्या जागी मान्यता दिली. पण अटी घातल्या: माहिती सरकारमान्य कार्यालयाचीच हवी, ती अद्ययावत हवी, आणि यंत्र बिघडल्यास दुसरी सोय हवी. ही सोय म्हणजे दुसरे तसेच यंत्र किंवा मग पुन्हा कागद. २००९ च्या दुरुस्तीने परवानगीची सक्ती झाली. जुलै २०१२ पासून नवी प्रवासी व तेलवाहू जहाजे, मग नवी मालवाहू, मग जुनी, अशा पायऱ्यांनी जुलै २०१८ पर्यंत ती पूर्ण झाली. २०१० मध्ये मनिला येथे खलाशांच्या प्रशिक्षणाचे नियम सुधारले गेले आणि या यंत्राचे शिक्षण अधिकाऱ्यांना आवश्यक झाले. आपल्या देशात सागरी प्रमाणपत्रांचे काम मुंबईतील नौवहन महासंचालनालयाकडे आहे. कोकण-गोव्याच्या घरांतून जहाजावर अधिकारी म्हणून जाणाऱ्या मुलाला आता होकायंत्राबरोबर हा पडदाही शिकावा लागतो.

यंत्र आले, मानके आली, प्रशिक्षण आले. मग धोका टळला काय?

१८ सप्टेंबर २०१३ रोजी ‘ओव्हिट’ हे रसायनवाहू जहाज खाद्यतेल घेऊन रॉटरडॅमहून इटलीतील ब्रिंडिसीकडे चालले होते. डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न नावाचा वाळूचा दांडा आहे. तो शतकानुशतके सर्वांना ठाऊक आहे, प्रत्येक नकाशात आहे, त्यावर बोये आहेत. एका नवख्या अधिकाऱ्याने पडद्यावर आखलेला मार्ग नेमका त्या दांड्यावरून गेला होता. सुरक्षा-रेषा योग्य ठेवलेली नव्हती, नकाशाचे प्रमाण योग्य नव्हते, आणि यंत्राचा धोक्याचा आवाज बंद होता. बोयांचे दिवे टेहळणीवरच्या माणसाने पाहिले, पण पाळीवरच्या अधिकाऱ्याला ते कळविले नाही. जहाज वाळूवर चढल्यानंतर आपण थांबलो आहोत हे उमगायला त्याला १९ मिनिटे लागली. भरती आल्यावर जहाज सुटले. ब्रिटनच्या चौकशीत दिसून आले की अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण झालेले होते. पण ते पुरेसे ज्ञान देऊ शकले नव्हते. नियम अक्षरशः पाळला गेला होता आणि जहाज वाळूवर होते.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेची ‘गार्डियन’ ही युद्धनौका फिलिपाइन्सच्या तुब्बाताहा प्रवाळावर चढली. तेथे यंत्राची हाताळणी हाच एकटा दोष नव्हता. तिच्या किनारी इलेक्ट्रॉनिक नकाशात ते प्रवाळच सुमारे आठ मैल चुकीच्या जागी होते. दुसऱ्या, लहान प्रमाणाच्या नकाशात ते बरोबर होते. दोहोंची पडताळणी व्हावयास हवी होती. युद्धनौकांना सोलास लागू नाही, पण धडा लागू आहे. जुन्या दोरीने मोजलेला आकडा आणि कालच ध्वनिलहरींनी मोजलेला आकडा पडद्यावर सारख्याच नीटस अक्षरांत दिसतात. माहितीचा दर्जा नकाशात नोंदलेला असतो, पण तो मुद्दाम उघडून पाहावा लागतो. आणि उपग्रहावर तरी किती विसंबावे? जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील कित्येक जहाजांना आपण जमिनीवर, गेलेंजिकच्या विमानतळावर, उभे आहोत असे यंत्राने सांगितले. कोणी तरी खोटे संकेत सोडले होते. कप्तानांनी खिडकीतून पाहिले आणि त्यांना समुद्र दिसला.

आता यंत्राची पुढची पिढी येत आहे. १ जानेवारी २०२९ पासून बसवावयाची नवी यंत्रे अधिक व्यापक मानकांची असतील. भरती, प्रवाह, समुद्रतळ यांची माहिती त्यांत एकत्र येईल. अमेरिकेने पारंपरिक कागदी नकाशे काढणे थांबविले आहे. ब्रिटननेही तोच रस्ता धरला असून मुदत २०३० पर्यंत तरी पुढे ढकलली आहे. कागद जाणार, आणि त्याबद्दल फार अश्रू ढाळण्याचे कारण नाही. त्याच्याबरोबर तो न लिहिलेला पहाराही जात आहे, ही मात्र काळजीची गोष्ट आहे.

जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम अगदी लहान आहे. प्रत्येक जहाजाने सदैव डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध अशा सर्व साधनांनी नीट टेहळणी ठेवावी, एवढेच तो सांगतो. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी डोळे, मग कान, मग साधने. एक्डिसचे सारे नियम शेवटी या लहानशा नियमाच्या खुंटीवर टांगलेले आहेत. कायदा जहाजावर पडदा बसवू शकतो, पडद्यामागे सरकार उभे करू शकतो, पडदा वाचावयास शिकवू शकतो. पण त्यावरून नजर उचलून खिडकीबाहेर पाहण्याचे काम तो कोणाकडून करवून घेऊ शकत नाही. ते पाळीवरच्या माणसालाच करावे लागते. मध्यरात्री, एकट्याने, यंत्र ‘सारे ठीक आहे’ म्हणत असताना. जहाजावरची माणसे घरी परत येतात ती त्या एका नजरेमुळे, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण तरी विसरू नये.