स्मार्ट वजनकाट्यावरचं बॉडी फॅट: आकडा कुठून येतो आणि तरुण मुलींच्या हृदयाबद्दल तो किती सांगतो?

हजार-दीड हजारात मिळणारा स्मार्ट वजनकाटा आता खूप घरांत आहे. त्यावर उभं राहिलं की मोबाईलमधल्या अ‍ॅपवर वजनासोबत बॉडी फॅट, मसल मास, व्हिसरल फॅट, 'बॉडी एज' असे दहा-बारा आकडे येतात. काही हिरवे, काही लाल. लाल आकडा बघून कुणी जेवण सोडतं, तर हिरवा बघून कुणी निश्चिंत होतं.

या लेखात आपण बघणार आहोत की हा आकडा नेमका कसा तयार होतो, तो कुठे चुकतो आणि हृदयविकाराचा धोका ओळखायला तरुण मुलींनी त्याऐवजी काय मोजावं. थोडक्यात उत्तर हवं असेल तर: काट्यावरचं बॉडी फॅट हे मोजमाप नसून अंदाज आहे. हृदयासाठी एकूण चरबी किती यापेक्षा ती कुठे साठली आहे हे जास्त महत्त्वाचं आहे. आणि ते सांगायला घरातली शिवणकामाची टेप या काट्यापेक्षा बरी.

काटा प्रत्यक्षात काय मोजतो?

फक्त दोन गोष्टी. पहिली म्हणजे वजन. काट्याच्या चार कोपऱ्यांत लोड सेल असतात. भार पडला की ते किंचित वाकतात आणि त्यांचा विद्युत रोध बदलतो, त्यावरून वजन कळतं. हे काम स्वस्त काटेही बऱ्यापैकी नीट करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचा विद्युत रोध. काट्यावर जे धातूचे गोल किंवा पट्टे दिसतात ते इलेक्ट्रोड. एका पायातून अगदी बारीक एसी करंट सोडला जातो, साधारण एक मिलीअँपिअरपेक्षाही कमी आणि बहुतेक वेळा ५० किलोहर्ट्झचा. तो दुसऱ्या पायातून परत येतो. आपल्याला तो जाणवतसुद्धा नाही. चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं, त्यामुळे तिथून करंट सहज जातो. चरबीत पाणी कमी, म्हणून तिथे अडथळा जास्त. या पद्धतीला बायोइलेक्ट्रिकल इम्पिडन्स अ‍ॅनालिसिस, म्हणजे बीआयए म्हणतात. २०२१ साली आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉच ४ मध्येही हेच तंत्र आहे. तिथे दोन बोटं घड्याळाच्या बटणांवर ठेवायची असतात.

आता गंमत बघा. करंट सर्वात सोपा रस्ता धरतो. काट्यावर तो एका पायातून वर जातो, ओटीपोटाच्या खालच्या भागातून वळतो आणि दुसऱ्या पायातून खाली येतो. म्हणजे ज्या पोटाची आपल्याला काळजी आहे, त्या भागाची माहिती त्याला जवळपास मिळतच नाही. घड्याळात तो हातांतून आणि छातीच्या वरच्या भागातून जातो. तरीही अ‍ॅप 'व्हिसरल फॅट' म्हणून आकडा दाखवतंच.

मग टक्केवारी येते कुठून?

सूत्रातून. अ‍ॅपमध्ये प्रोफाइल बनवताना तुम्ही उंची, वय आणि लिंग भरता. वजन, रोध आणि ही माहिती एका समीकरणात घातली जाते आणि टक्केवारी बाहेर पडते. ही समीकरणं अशी बनतात: आधी काही लोकांची चरबी डेक्सा स्कॅनसारख्या अचूक पद्धतीने मोजायची, मग त्यांच्या उंची-वजन-रोधाशी ती जुळवून सूत्र बसवायचं. तुमच्या काट्यात कोणतं सूत्र आहे आणि ते कुणाच्या शरीरावर बसवलंय, हे बहुतेक कंपन्या सांगत नाहीत.

सूत्राची ताकद किती असते याचं एक उदाहरण. १९९१ साली नेदरलँड्समधले संशोधक ड्युरेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक साधं समीकरण मांडलं:

बॉडी फॅट टक्के = (१.२ × बीएमआय) + (०.२३ × वय) − (१०.८ × लिंग) − ५.४

यात लिंगाच्या जागी स्त्रीसाठी ० आणि पुरुषासाठी १ घालायचा. २४ वर्षांची मुलगी, बीएमआय २२ असेल तर उत्तर येतं सुमारे २६.५ टक्के. काट्याची गरजच पडली नाही! आता तीच मुलगी, तेच वजन, फक्त प्रोफाइलमध्ये 'पुरुष' निवडलं तर उत्तर १५.७ टक्के. शरीरात एक ग्रॅमचाही बदल नाही, पण आकडा जवळजवळ ११ ने घसरला.

काटा यात रोधाची भर घालतो, त्यामुळे तो या समीकरणापेक्षा थोडा पुढे असतो. पण उत्तराचा मोठा भाग तुम्ही टाईप केलेल्या माहितीतून येतो हे लक्षात ठेवा. खात्री करायची असेल तर ओपनस्केल नावाचं ओपन सोर्स अँड्रॉइड अ‍ॅप बघा. त्यात बॉडी फॅटचा अंदाज काढायला कोणतं सूत्र वापरायचं ते सेटिंगमध्ये निवडता येतं. सूत्र बदललं की त्याच माणसाचं फॅट बदलतं.

सकाळी २८, संध्याकाळी ३१. असं का?

कारण काटा पाण्याचा माग काढतोय, चरबीचा नाही. शरीरातलं पाणी बदललं की आकडा हलतो:

- रात्रभर पाणी न पिता सकाळी उठलात तर रोध वाढतो आणि फॅट जास्त दिसू शकतं.
- व्यायाम, घाम, जेवण, खारट पदार्थ, ओले किंवा कोरडे पडलेले तळपाय या सगळ्यांचा परिणाम होतो.
- पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींच्या शरीरात पाणी साठतं. वजन एक-दीड किलोने वर जाऊ शकतं. ती चरबी नसते.

एका दिवसात शरीर तीन टक्के चरबी कमावत किंवा गमावत नाही. अशी उडी दिसली तर ती पाण्याची समजा.

हृदयासाठी 'किती' पेक्षा 'कुठे'

त्वचेखालची चरबी, म्हणजे मांड्या, नितंब, दंड इथली, तुलनेने शांत असते. पोटाच्या आत यकृत आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी वेगळी. तीच व्हिसरल फॅट. ती फॅटी अ‍ॅसिड्स आणि सूज वाढवणारी रसायनं सोडते, त्यातली बरीचशी थेट यकृताकडे जातात. मग इन्सुलिन नीट काम करत नाही, ट्रायग्लिसराइड वाढतं, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, बीपी चढतं. धमन्या खराब होण्याची सुरुवात इथून होते.

इंटरहार्ट अभ्यासाच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ५२ देशांतले सुमारे २७ हजार लोक होते. त्यात हार्ट अटॅकशी बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तराचा संबंध जास्त घट्ट दिसला. बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. हे गणित १८३०च्या दशकात बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने मांडलं, तेही लोकसंख्येची सरासरी समजून घ्यायला. चरबी कुठे आहे, हे ते सांगूच शकत नाही.

आपल्या शरीराची गोष्ट: पुण्यातला शोध

परदेशी सूत्र आपल्याला का फसवू शकतं हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार छान दाखवलं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बीएमआयच्या नजरेने दोघं एकसारखे फिट!

याज्ञिक यांच्या टीमला हे नवजात बाळांमध्येही दिसलं. पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी खूप लहान, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. यालाच 'थिन-फॅट' म्हणतात: दिसायला बारीक, आतून चरबी जास्त.

म्हणूनच भारतीयांसाठी मर्यादा खाली ओढल्या आहेत. बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेची मर्यादा स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९०. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीच्या (२०१९-२१) आकडेवारीवरून पोटाचा लठ्ठपणा भारतात सुमारे ४० टक्के स्त्रियांमध्ये आढळला, पुरुषांमध्ये १२ टक्के.

तरुण मुलींच्या बाबतीत वेगळं काय?

पहिलं म्हणजे, स्त्रीच्या शरीरात चरबी पुरुषापेक्षा जास्त असणं हे नॉर्मल आहे. २० ते ३९ वयात अनेक काटे स्त्रियांसाठी २१ ते ३३ टक्के आणि पुरुषांसाठी ८ ते २० टक्के 'हेल्दी' धरतात. त्यामुळे भावाच्या किंवा जिममधल्या मित्राच्या आकड्याशी तुलना करू नका.

दुसरं, या वयात इस्ट्रोजेनमुळे चरबी मांड्या आणि नितंबांकडे जास्त जाते. हे एक प्रकारचं संरक्षणच आहे. त्यामुळे विशीत कंबर भराभर वाढत असेल तर ती सूचना गंभीरपणे घ्या. पीसीओएस असेल तर विशेष लक्ष द्या, कारण त्यात वजन नॉर्मल असूनही इन्सुलिनचा प्रश्न असू शकतो. पाळी अनियमित असणं आणि कंबर वाढणं एकत्र दिसलं तर डॉक्टरांना दोन्ही सांगा.

तिसरं, गरोदरपणात बीपी वाढलं असेल किंवा मधुमेह झाला असेल, तर बाळंतपणानंतर तो विषय संपत नाही. पुढे हृदयविकाराचा धोका वाढलेला राहतो. हे कोणताही काटा विचारत नाही. तुम्हीच डॉक्टरांना सांगायचं असतं.

चौथं, आकडा खूप खाली नेणंही धोक्याचं. खाणं फार कमी करून व्यायाम वाढवला तर पाळी थांबू शकते, हाडं कमजोर होतात. अ‍ॅप तेव्हाही 'ग्रेट जॉब' म्हणत असतं. सलग तीन महिने पाळी आली नाही तर तपासणी करा.

कंबर कशी मोजायची?

१. न ताणली जाणारी टेप घ्या. कपड्यांवरून मोजू नका.
२. सर्वात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध खूण करा. सलवार किंवा जीन्स बांधतो ती जागा धरू नका.
३. पाय थोडे अंतरावर ठेवून सरळ उभ्या राहा. पोट आत ओढू नका.
४. साधा श्वास सोडा आणि आकडा वाचा. टेप त्वचेत रुतू नये.
५. दोनदा मोजा, सरासरी घ्या.

आता उंचीशी तुलना करा. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. उंची १५८ सेंटिमीटर असेल तर कंबर ७९ च्या आत. गरोदरपणात हा नियम लागू होत नाही.

खरं चित्र कोणत्या तपासण्या देतात?

- बीपी: १२०/८० च्या खाली असणं चांगलं. वारंवार १४०/९० किंवा जास्त येत असेल तर वय काहीही असो, डॉक्टरकडे जा.
- उपाशीपोटी साखर: १०० ते १२५ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर.
- लिपिड प्रोफाइल: कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली तपासणी १८ व्या वर्षीच करावी.
- घरचा इतिहास: वडील किंवा भावाला ५५ च्या आधी, आई किंवा बहिणीला ६५ च्या आधी हार्ट अटॅक आला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काटा वापरायचाच असेल तर

फेकून द्यायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, अनवाणी आणि कोरड्या पायांनी उभ्या राहा. प्रोफाइलमध्ये उंची आणि वय अचूक भरा. अ‍ॅपमध्ये 'अ‍ॅथलीट मोड' असेल तर उगाच चालू करू नका, त्याने सूत्र बदलतं आणि फॅट कमी दिसतं. एका आकड्याऐवजी दोन-तीन महिन्यांचा आलेख बघा. पाळीचे दिवस अ‍ॅपमध्ये नोंदवले तर चढउतार समजायला सोपं जातं. मध्येच काटा बदलला तर जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*हा करंट धोकादायक आहे का?*
निरोगी माणसाला नाही. पण पेसमेकर किंवा शरीरात दुसरं विद्युत उपकरण असेल तर बॉडी फॅट मोजू नका. गरोदरपणातही ते टाळा, आकडा तसाही चुकीचाच येईल.

*महागडा काटा घेतला तर अचूक येईल का?*
हातात धरायचे इलेक्ट्रोड असलेल्या यंत्रात करंट धडातूनही जातो, त्यामुळे ते थोडं बरं. तरीही शेवटी सूत्रच आहे.

*माझं वजन नॉर्मल आहे, मग कंबर मोजायची गरज आहे का?*
हो, तुम्हालाच जास्त आहे. जाड दिसणाऱ्या मुलीला कुणीतरी तपासणी कर म्हणतं. बारीक मुलीला कुणी म्हणत नाही.

आज घरात टेप शोधा आणि कंबर मोजून मोबाईलच्या नोट्समध्ये तारखेसह लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आणि आईचीही मोजा, कारण पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेनचं संरक्षण कमी होतं आणि चरबी पोटाकडे वळायला लागते.

(हा लेख माहितीसाठी आहे. त्रास किंवा शंका असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.)