सरहद्दीवरील घाटांतील आगगाडी

दोन राज्यांमधील सरहद्द नकाशावर रेघेनें दाखविलेली असते. परंतु प्रवाशास ती कळते ती पेटी उघडण्याचा हुकूम होतो तेव्हां. मराठवाड्यांतील जुन्या पिढीस हें सांगावयास नको. मनमाडहून औरंगाबादेवरून (आजचें छत्रपती संभाजीनगर) सिकंदराबादेकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीनें नगरसूल मागें टाकून रोटेगांव गांठलें, कीं इंग्रजी मुलूख संपून निजामाचें राज्य सुरू झालेलें असे. तेथें नाणें हाली शिक्क्याचें आणि जकातीचें नांवही निराळें, 'करोडगिरी'. सप्टेंबर १९४८ मध्यें ती सरहद्द पुसली जाण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र ती सरहद्द कांहीं डोंगर ओलांडून जावी लागत नसे. डोंगर, अरण्य व परकी अंमल हीं तिन्ही एकाच मार्गावर पाहावयाचीं, तर मराठी प्रवाशास गोव्याची वाट धरावी लागे.

स्वित्झर्लंडांतील लोकार्नोहून इटलींतील डोमोडोसोला येथें जाणाऱ्या डोंगरी आगगाडीचें कौतुक आमच्या सुशिक्षित वर्गानें पुष्कळ ऐकलें आहे. ती गाडी १९२३ सालीं सुरू झाली. त्यापूर्वीं पस्तीस वर्षें, म्हणजे १८८८ मध्यें, मुरगांव बंदरापासून सह्याद्रि चढून ब्रिटिश हद्दींतील कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग पोंचला होता, हें मात्र थोड्यांच्या ध्यानांत असतें. घरच्या डोंगराचें अप्रूप कमीच!

या मार्गाचा जन्म सृष्टिसौंदर्याच्या प्रेमांतून झाला नाहीं. तो मिठाच्या सौद्यांतून झाला. १८७८ च्या डिसेंबरांत इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यामध्यें जो तह झाला, त्यानें गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची भिंत काढून टाकली, आणि गोव्यांतील मिठाच्या व्यवहाराचा ताबा इंग्रजांकडे दिला. त्याबद्दल इंग्रजांनीं वर्षाला चार लाख रुपये द्यावयाचे होते. मोबदल्यांत पोर्तुगालला आशा होती ती अशी, कीं मुरगांवास बंदर होईल, घाटावरचा कापूस व धान्य तेथें उतरेल, आणि निस्तेज झालेला गोवा पुन्हां व्यापाराचें केंद्र बनेल. सौदा बरोबरीचा नव्हता असें आमचें मत आहे. मीठ पिकविणें हा गोव्यांतील कित्येक गांवांचा पिढीजाद धंदा. त्याचे निर्बंध दुसऱ्याच्या हातीं गेल्यावर आगरवाल्यांच्या घरीं काय झालें असेल, याची कल्पना कोणासही करतां येईल. १८८० मध्यें अंमलांत आलेला हा तह बारा वर्षांनीं, १८९२ सालीं, संपला. जकातीचे नाके परत उभे राहिले. रूळ मात्र राहिले. हमीचें व्याज पोर्तुगालच्या डोक्यावर बसलें तें बसलें, आणि १९०२ मध्यें गाड्या चालविण्याचें कामही सदर्न मराठा रेल्वेकडे गेलें. अशा रीतीनें पोर्तुगीज मुलखांतील सुमारें ५१ मैलांच्या मार्गावर ब्रिटिश हिंदुस्थानची कंपनी गाड्या हांकूं लागली.

आतां घाटाविषयीं. कुळें हें घाटाखालचें स्थानक. तेथून कॅसलरॉकपर्यंत मार्ग दीड हजार फुटांहून अधिक चढतो, आणि चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे. अशा चढावर गाडी धांवत नाहीं, ती श्रम करते. पुढच्या इंजिनास मागून दुसऱ्या इंजिनाची मदत द्यावी लागे. बोगद्यामागून बोगदे लागत, आणि मधेंच दूधसागराच्या धबधब्यासमोरील पुलावरून डबे सावकाश सरकत. सुमारें एक हजार फुटांवरून टप्प्याटप्प्यानें कोसळणारें तें पाणी पावसाळ्यांत इतकें जवळ येतें, कीं तुषार खिडकींतून आंत यावेत. हा पावसाळाच या मार्गाचें खरें महत्त्व दाखवीत असे. मुंबई-पणजी आगबोटी त्या दिवसांत बंद राहात. मग मुंबई-पुण्यांतील गोमंतकीयास गांवीं आईबापांकडे किंवा कुलदैवताच्या दर्शनास जावयाचें, तर पुणें, मिरज, बेळगांव, लोंढा करीत याच घाटानें उतरावें लागे. कॅसलरॉकला ब्रिटिशांची झडती, कुळ्यांत पोर्तुगीजांची! घाटाच्या दोन्ही टोकांस दोन सरकारें बसलेलीं, आणि मधें निवांत अरण्य.

पुढें या निवांतपणाचा भंग झाला. १८ जून १९४६ रोजीं मडगांवांत नागरी स्वातंत्र्याचा झेंडा उभारणारे डॉ. राममनोहर लोहिया सप्टेंबरांत पुन्हां गोव्यांत येऊं लागले, तेव्हां पोर्तुगीजांनीं त्यांना कुळें स्थानकावरच अटक करून आग्वादच्या किल्ल्यांत ठेवलें. नऊ वर्षांनीं, १५ ऑगस्ट १९५५ रोजीं, सत्याग्रही कॅसलरॉकच्या बाजूनें रुळांवरून चालत बोगद्यांत शिरले. हातांत शस्त्र नव्हतें. त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या, व कित्येकांचे प्राण तेथेंच गेले. ज्या बोगद्यांतून मुलें काळोखाची मौज म्हणून ओरडत जात, तो बोगदा त्या दिवशीं रणभूमि झाला. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें गोव्याशीं असलेलें दळणवळण तोडलें आणि घाटांतील गाड्या थांबल्या. घाटावर लग्न होऊन आलेल्या मुलींचें माहेर घाटाखालीं. त्यांना तीं वर्षें किती लांब वाटलीं असतील, याची नोंद कोणत्याही तहाच्या कागदांत सांपडणार नाहीं. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला, आणि जकातीच्या त्या दोन्ही चौक्यांचें प्रयोजनच उरलें नाहीं.

१९९० नंतरच्या दशकांत मीटरगेज जाऊन येथें रुंद रूळ आले. आपला मनमाडचा मार्गही त्याच दशकांत बदलला. १९९८ मध्यें कोंकण रेल्वे सुरू झाली, तेव्हां मुंबईच्या प्रवाशास या घाटाची गरज राहिली नाहीं. आतां येथून प्रवाशांबरोबर मुरगांव बंदरांत उतरलेला कोळसाही कर्नाटकांतील पोलादाच्या कारखान्यांकडे चढतो; १८७८ च्या मुत्सद्यांनीं घाटावरून खालीं येणाऱ्या मालाचीं स्वप्नें पाहिलीं होतीं, आणि ओझें तें उलटेंच चढूं लागलें. मोलेंच्या अभयारण्यांतून रुळांची दुसरी जोडी टाकण्याचा बेत गोव्यांतील नागरिकांनीं न्यायालयापर्यंत नेला. मे २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या कामास मिळालेली वन्यजीव मंडळाची संमति रद्द केली. परिणामांचा नीट अभ्यास करून पुन्हां अर्ज करण्याची वाट मात्र रेल्वेस मोकळी ठेवली आहे.