सूर्यफुलाचं पुढे काय झालं?

अमळनेर म्हटलं की साने गुरुजी आणि विप्रो, एवढं खानदेशात कुणीही सांगेल. 1945 साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. कंपनीचं नाव 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स', तुपाचं 'सनफ्लॉवर'. (शेंगदाण्याच्या मुलखात सूर्यफूल, गंमतच!) जोडीला '787' साबण.

1966 मध्ये वडील गेले आणि 21 वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परतले. पुढे आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळला, बाजारात जागा झाली आणि हे तेल-साबणवाले संगणकात शिरले. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. असो.

मला जास्त खुणावतं ते यांनी काय सोडलं. 2012 साली 'सनफ्लॉवर' कारगिल या अमेरिकी कंपनीला विकलं. तूप, ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला होता, तेच! 2013 मध्ये साबण, दिवे वगैरे धंदे 'विप्रो एंटरप्रायझेस'मध्ये वेगळे काढले. अमळनेरचा कारखानाही तिकडेच गेला. ही कंपनी शेअर बाजारात नाही. म्हणजे बघा, बाजारातली विप्रो सॉफ्टवेअरची, आणि जिथे ती जन्मली ते घर तिच्या बाहेर.

अमळनेरात अनेक घरांत विप्रोचे जुने शेअर आहेत. त्या लोकांपुढे तेव्हा पर्याय आले. पाच शेअरमागे नव्या कंपनीचा एक घ्यायचा, की त्याच्या बदल्यात विप्रोचेच आणखी? गावचा कारखाना, पण शेअर बाजारात विकता न येणारा... की बंगळूरचं सॉफ्टवेअर?