बोटीवरची वाटखर्ची

आमच्या गुरुकुंज मोझरीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आमच्याकडे पाणी म्हटले की वर्धा नदी, आणि प्रवास म्हटला की कौंडण्यपूरहून पंढरपूरला निघणारी रुक्मिणीची पालखी. या पालखीबरोबर जाणारी म्हातारी माणसे कमरेच्या पिशवीत दोन पुरचुंड्या बांधून घेतात. एकीत लागतील ते पैसे, दुसरीत ‘लागले तर’ म्हणून ठेवलेले. पहिलीला वाटखर्ची म्हणतात. दुसरीला नाव नाही, आणि मला आज बोलायचे आहे ते या बिननावाच्या पुरचुंडीबद्दल. कारण हल्ली मोझरी-तिवशाकडची, अमरावतीची निवृत्त मंडळी मुंबईला जाऊन क्रूझवर चढू लागली आहेत. तिकीट काढताना ती सगळे नीट विचारतात. बोटीवर चढल्यानंतर काय खर्च होईल, हे मात्र फार थोडे जण विचारतात.

तिकीट एक आणि वरखर्च दुसरा, ही वाटणी जुनीच आहे. सप्टेंबर १८८८ मध्ये गांधीजी मुंबईहून विलायतेला निघाले, तेव्हा जातीच्या पंचांनी त्यांना बहिष्कृत केले होते. जो त्यांना मदत करील किंवा निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड, असाही ठराव होता. मेहुण्याकडे ठेवलेले पैसे मिळेनात. शेवटी एका स्नेह्याकडून कर्ज काढले, ते बोटीचे भाडे आणि किरकोळ खर्च अशा दोन्हींसाठी. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलालाही भाडे भरून भागत नाही, हे ठाऊक होते. बोटीवर इंग्रजीत बोलायची लाज आणि पदार्थात मांस आहे की नाही ही शंका, यामुळे ते जेवणघरात गेलेच नाहीत. बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर दिवस काढले. जेवणाचे पैसे भाड्यात भरलेले, आणि पोटात गेली ती घरून आणलेली शिदोरी! हा दुहेरी खर्च त्या काळच्या पुष्कळ शाकाहारी प्रवाशांनी सोसला. परतल्यावरही हिशेब मिटला नाही. भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि राजकोटला जातभोजन घातले. समुद्र ओलांडण्याचा खर्च असा घरी आल्यावरही चालू राहत असे. आज प्रायश्चित्ताचा खर्च गेला, पण तो गेला म्हणून आपण बाकीचे खर्चही विसरतो, असे मला कधी कधी वाटते.

आता बोटीवर नेमके पैसे कशात जात? पी. अँड ओ. कंपनीच्या सुरुवातीच्या काळात भाड्यातच दारूसुद्धा येत असे. पुढे कंपनीने हिशेब आवळला. जेवण आणि खाट भाड्यात, पेय मात्र वेगळे. पण रोख पैसे मोजायचे नाहीत. प्रवासी चिठ्ठीवर सही करी आणि खानसामा ती पर्सरकडे, म्हणजे बोटीच्या खजिनदाराकडे पोचवी. आपला ‘चिठ्ठी’ हा शब्द इंग्रजीत ‘चिट’ म्हणून गेला, तो याच काळात साहेबांच्या क्लबांतून आणि बोटींवरून फिरत राहिला. सही करताना खिसा हलका झाल्याचे कळत नाही. हिशेब नंतर, सगळा एकदम पुढे येतो. बोट रोज किती मैल कापते यावर पैज लागे, तीही अशीच गंमत म्हणून. डेकवर बसायची खुर्ची पुष्कळ जण स्वतःची विकत नेत. शेवटच्या दिवशी खोलीचा नोकर, टेबलावर वाढणारा आणि न्हाणीघर सांभाळणारा, असे तिघे समोर उभे राहत. त्यांना बक्षिसी देणे कायद्याने बंधनकारक नव्हते, पण न देणाऱ्याला डोके खाली घालून उतरावे लागे. पोर्ट सैदला तर बोटीभोवती होड्यांतला बाजारच भरे. मणी, शाली, टोप्या, आणि ‘गली गली’ म्हणत पिल्ले गायब करणारे जादूगार! सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यापासून या गावाचे अर्धे पोट प्रवाशांच्या वरखर्चावरच भरले.

कोकणच्या माणसाला यातले काही नवे वाटणार नाही. धक्का नसलेल्या बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही, तिच्यापर्यंत पडावातून जावे लागे, आणि पडावाचे नि हमालाचे पैसे निराळे काढून ठेवावे लागत. आम्हा वऱ्हाडकरांना ही सवय नव्हती. आम्ही आगगाडीची माणसे; तिकीट काढले की संपले, वर फुटाणे आणि चहा.

तरी वऱ्हाडातून माणसे गेली. टिळकांना जुलै १९०८ मध्ये शिक्षा झाली, आणि त्यांच्या अपिलासाठी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे ऑगस्टमध्येच विलायतेला निघाले. दादासाहेब म्हणजे ‘वऱ्हाडचे नबाब’. वकिली जोरात, घरातली पंगत मोठी, हात सढळ. एका रुपयाला सोळा पेन्स, म्हणजे एका पौंडाला पंधरा रुपये, असा तेव्हाचा भाव. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली, तरी दादासाहेब सुटकेच्या खटपटीत राहिले आणि परतले ते १९१० च्या ऑक्टोबरात, ब्रह्मदेशावरून, मंडालेला टिळकांना भेटून. या दोन वर्षांत बोटीवर आणि लंडनमध्ये जे गेले ते गेलेच, पण अमरावतीतली वकिली बंद राहिली, ते कोणत्या वहीत लिहायचे? प्रवासाच्या खर्चात बुडालेली मिळकत धरायची असते, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला चटकन समजते, कारण वारीला जायचे तर पेरणी आधी उरकावी लागते.

१९२० साली आमच्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख शिकायला विलायतेला गेले. पुढे भारताचे कृषिमंत्री झालेले भाऊसाहेब ते हेच. त्याच वर्षी जुलैत डॉ. आंबेडकरही अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले. शिकवणीच्या पगारातून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढे त्यांच्या गाठीला होते. आणि नेमक्या या दिवसांत रुपया घसरला. फेब्रुवारी १९२० मध्ये रुपयाला बत्तीस पेन्सांहून जास्त मिळत होते, १९२१ मध्ये पंधराच्या आसपास. कागदावर मांडून पाहा. हजार रुपयांचे जिथे सव्वाशेहून जास्त पौंड झाले असते, तिथे वर्षभरात बासष्ट-त्रेसष्ट उरले. ज्याने काटेकोर बजेट केले तोही यात अर्धा झाला. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने आला. तो वाचताना मला नेहमी वाटते, हे अर्थशास्त्र लिहिणारा माणूस रुपयाचे पौंड करून जेवत होता.

त्याआधीची एक गोष्ट. १९१७ मध्ये बाबासाहेब परतले तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते, आणि ती बोट पाणतीराने बुडवली. पुस्तके गेली. पण थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये भरपाई मिळाली, आणि बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला तेच पैसे उपयोगी पडले. विम्याचे महत्त्व सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

मागच्या दिवाळीत आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी आणि बाई हिशेबाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. मुलगा, सून धरून चौघे, आणि सात रात्रींची परदेशी बोट. तिकिटाचा आकडा ठळक, खाली ‘इतर : दहा हजार’. मी म्हटले, गुरुजी, बोट आता चिठ्ठी मागत नाही, गळ्यातले कार्ड मागते, एवढाच फरक. खोलीची किल्ली तेच, नाव तेच, बिलही तेच. परदेशी बोटींवर सेवेचा आकार म्हणून माणशी रोज साधारण सोळा ते वीस डॉलर आपोआप चढतात. सतरा धरले तरी चौघांचे सात दिवसांचे ४७६ डॉलर, म्हणजे चाळीस हजारांच्या घरात. अजून थंड पेयाची एक बाटली घेतलेली नाही! वायफाय, खास उपाहारगृह, फोटो, किनाऱ्यावरची सहल, हे सारे वेगळे. आणि बोटीवरचा डॉक्टर फुकट नसतो. प्रवास-विमा काढताना त्यात बोटीवरचे उपचार आहेत की नाहीत ते वाचून घ्यावे.

बाई शांतपणे म्हणाल्या, “मग दुसरी पुरचुंडी मोठी करा न जी, पहिलीतून काढून.” तेव्हा समुद्र दिसणारी खोली सोडून आतली घेतली, आणि वाचलेले पैसे वरखर्चात टाकले. सहली किती आणि कुठल्या, ते निघण्याआधीच ठरवले. बंदरावर उतरल्यावर ठरवायचे तर पोर्ट सैद होते. कार्डाला रोजची मर्यादा घालून मिळते का, हे चढताच विचारायचे ठरले. रोज रात्री झोपण्याआधी खात्यावर काय चढले ते पाहायचे काम बाईंकडे आले, कारण घरची वहीही तीस वर्षे त्यांच्याकडेच आहे. शेवटचे बिल उतरण्याआधी हाती येते, कधी खोलीच्या दाराखालून सरकवलेले असते. चुकीची नोंद दिसली तर त्याच वेळी काउंटरवर जाऊन सांगावे. सकाळी सामान उतरत असते आणि रांग लांब असते.