शफक ते लेझर : उंचावरच्या बर्फाची मोजणी

विज्ञान दिन जवळ आला की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक भित्तिपत्रक हमखास फिरतं. मुस्लिम शास्त्रज्ञांची नावं आणि शेजारी त्यांचे शोध. त्यात एक ओळ ठरलेली असते : इब्न अल-हैसम यांनी वातावरणाची उंची मोजली. मोजणी खरोखर झाली होती, पण ती करणारा माणूस दुसरा होता. आणि हा घोळ भित्तिपत्रक बनवणाऱ्याने घातलेला नाही. तो चारशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातल्या एका छापखान्यात पक्का झाला.

त्या माणसाचं नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्न मुआझ अल-जय्यानी. अकराव्या शतकातले, अंदलूसमधल्या जय्यानचे. आजच्या स्पेनच्या नकाशावर हे शहर हाएन या नावाने सापडतं. ते काझी होते आणि गणिती होते. त्यांनी शफकवर, म्हणजे संधिप्रकाशावर, एक छोटा ग्रंथ लिहिला. सूर्य बुडाला तरी आकाश लगेच काळं का पडत नाही? त्यांचं म्हणणं असं की, उंचावर बारीक वाफा असतात. आपल्यासाठी सूर्य मावळला तरी त्यांच्यावर ऊन पडतच असतं आणि त्यातला थोडा उजेड त्या आपल्याकडे परत पाठवतात. सूर्य क्षितिजाखाली अठरा-एकोणीस अंश गेला की हा उजेडही संपतो. (इशा आणि फजरच्या वेळापत्रकांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना अठरा अंशांचा आकडा ओळखीचा वाटेल.) कोन हाती आला, पृथ्वीचा घेर ठाऊक होता, पुढचं काम त्रिकोणमितीचं. त्या वाफांची उंची निघाली सुमारे ५२ मैल.

या ग्रंथाची मूळ अरबी प्रत आज उपलब्ध नाही. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने केलेला लॅटिन अनुवाद आणि पुढे झालेला हिब्रू अनुवाद, यांच्या आधाराने तो टिकला. १५७२ साली बाझल शहरात रिझनर या विद्वानाने इब्न अल-हैसम यांचा प्रकाशशास्त्रावरचा महाग्रंथ छापला आणि त्याच जिल्दीत हा छोटा ग्रंथही त्यांच्याच नावावर घातला. १९६७ साली मिसरमध्ये जन्मलेले इतिहासकार अब्दुलहमीद साब्रा यांनी पुराव्यानिशी तो जय्यानींचा असल्याचं दाखवलं. इब्न अल-हैसम यांच्या पदरी स्वतःचं इतकं आहे की दुसऱ्याचं काढून त्यांना देण्याची काही गरज नाही.

आता भित्तिपत्रकवाल्यांना आणखी एक मोह होतो. जय्यानींना उचलून थेट ‘लेझर रडारचे जनक’ म्हणायचं. तसं ते नव्हते. त्यांच्याकडे फक्त सूर्याचा उजेड होता आणि तो कधी येणार, कधी जाणार हे त्यांच्या हातात नव्हतं. पण जमिनीवर उभं राहून, वरच्या कणांनी परत पाठवलेल्या उजेडावरून त्यांची उंची काढायची ही कल्पना मात्र त्यांच्या ग्रंथात स्पष्ट आहे. ती कल्पना आणि आजचं यंत्र यांच्यातलं अंतर कसं कापलं गेलं, ते पाहण्यासारखं आहे. त्यासाठी आकाशातल्या खूप उंच ढगांकडे जावं लागतं.

पिंजलेल्या कापसाचा तंतू ओढावा तसे दिसणारे हे पांढरे ढग. लंडनचे औषधविक्रेते ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये ढगांची नावं ठरवली तेव्हा यांना ‘सिरस’ म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केसांची बट. हे ढग पाण्याच्या थेंबांचे नसतात, बर्फाच्या स्फटिकांचे असतात. चंद्राला खळं पडतं ते याच कुळातल्या ढगांमुळे. षट्कोनी स्फटिकांतून जाताना चांदणं वळतं आणि चंद्राभोवती साधारण २२ अंशांवर कडं उमटतं. उर्दूत त्या कड्याला हाला म्हणतात. गंमत अशी की, मराठीत खळं म्हणजे मळणीची गोल जागा आणि इंग्रजी ‘हेलो’ ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचाही अर्थ मळणीचं खळंच. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना चंद्राभोवती आपलंच अंगण दिसलं.

हे ढग दिसायला निरुपद्रवी आहेत. पाऊस पाडत नाहीत, ऊनही फारसं अडवत नाहीत. पण जमिनीतून वर जाणारी उष्णता ते धरून ठेवतात. पातळ सिरस पृथ्वीला किती तापवतो हे सांगायचं तर तो किती उंच आहे, किती जाड आहे आणि कशाचा बनला आहे हे कळायला हवं. डोळ्यांना यातलं काहीच नीट कळत नाही.

स्वतःचा उजेड वर पाठवण्याची सूचना १९३० साली एडवर्ड हचिन्सन सिंज यांनी केली. आयर्लंडचे प्रसिद्ध नाटककार सिंज यांचे हे पुतणे. त्यांचं म्हणणं होतं की, शेकडो सर्चलाइट एकत्र लावून आकाशात झोत टाकावा आणि परत येणाऱ्या उजेडावरून वरच्या हवेची घनता काढावी. १९३७ मध्ये अमेरिकेत हल्बर्ट यांनी अशा झोताची छायाचित्रं २८ किलोमीटर उंचीपर्यंत घेतली. मग १९६० साली पहिला लेझर पेटला. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फियोको आणि स्मलिन यांनी त्याची किरणं वातावरणात सोडून प्रतिध्वनी पकडले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात लिग्डा यांनी खालच्या हवेवर आणि ढगांवर हेच सुरू केलं. या यंत्राला लायडार म्हणतात. हा शब्द मात्र लेझरहून जुना आहे, १९५३ च्या एका हवामान-उपकरणांच्या पुस्तकातला.

काम समजायला सोपं आहे. प्रकाशाचा क्षणभराचा ठोका वर जातो, ढगावर आपटून परत येतो. पंधरा किलोमीटरवरून यायला एका सेकंदाचा दहाहजारावा भाग लागतो. वेळ मोजली की उंची मिळाली. जय्यानींनी कोन मोजला होता, इथे घड्याळ मोजतं.

उंची कळली, पण ढग बर्फाचा की पाण्याचा हे कसं ओळखायचं? इथे शॉटलँड, सॅसेन आणि स्टोन यांचं १९७१ चं काम येतं. लेझरचा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावतो. गोल थेंबावरून तो सरळ परत आला तर तसाच राहतो. बर्फाच्या स्फटिकाच्या आत कोपऱ्याकोपऱ्यांवर आपटून आला की त्याचं प्रतल बिघडतं. किती बिघडलं ते मोजा, बर्फ ओळखू येतो. ऑस्ट्रेलियात मार्टिन प्लॅट यांनी लायडारला उष्णता मोजणाऱ्या यंत्राची जोड दिली. त्यांनीच १९७८ मध्ये एक फसवणूक उघड केली. चपटे स्फटिक पानांसारखे आडवे तरंगत असतील तर ते आरशाचं काम करतात. परतीचा उजेड प्रचंड, पण प्रतल बिघडलेलं नाही, म्हणजे बर्फ असून पाण्याचा भास. उपाय साधा निघाला : यंत्र दोन-तीन अंश कलतं करायचं. पुढे २००६ मध्ये कॅलिप्सो उपग्रह लायडार घेऊन वर गेला आणि २००७ च्या अखेरीस त्याचाही कल ०.३ अंशांवरून ३ अंशांवर नेण्यात आला, याच आडव्या स्फटिकांमुळे. जमिनीवरून शिकलेला धडा अवकाशात उपयोगी पडला.

सॅसेन यांनी युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत दहा वर्षं एकाच जागेवरून सिरस मोजले. सुमारे २२०० तासांच्या नोंदी. ढगाचा तळ सरासरी ८.८ किलोमीटरच्या आसपास, माथा ११.२ च्या आसपास. आकडे छोटे आहेत, पण त्यामागे दहा वर्षांची चिकाटी आहे. मला या सगळ्या इतिहासात हेच काम सगळ्यात मोठं वाटतं, आणि भित्तिपत्रकावर ते कधीच येणार नाही.

आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८० च्या दशकात लेझर आकाशाकडे रोखला गेला, तो मुख्यतः हवेतल्या धूलिकणांसाठी. उंच बर्फासाठीचं ठिकाण तिरुपतीजवळचं गदंकी. तिथे १९९८ मध्ये जपानच्या सहकार्याने लायडार बसला. हिरवा लेझर, सेकंदाला वीस ठोके. विषुववृत्ताकडे हवेचा थर उंच असल्याने तिथले सिरस युटापेक्षा बरेच वर, सोळा-सतरा किलोमीटरपर्यंतही सापडतात. त्यांतले काही इतके विरळ की मान वर करून पाहणाऱ्याला आकाश निरभ्रच वाटतं. यंत्राच्या कागदावर मात्र तिथे एक रेघ उमटलेली असते.

अडचण एकच राहिली. लेझर खालच्या दाट ढगांतून आरपार जात नाही. पावसाळ्यातले उंच गडगडाटी ढग माथ्यावर भरपूर सिरस पसरवतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत खालचं आभाळ भरून आल्यामुळे गदंकीच्या यंत्राला मोकळ्या रात्री फार कमी मिळतात.